पाझरणारा माठ

पावणेतीन वाजलेत. चादर पायाशी ढकललेली, मानेखालची उशी ओली, गाऊनचा गळा अंगाला चिकटलेला. शेजारी घरातलं माणूस गाढ झोपलंय आणि त्यानं गुडघे पोटाशी घेतलेत, कारण पंखा पाचवर आहे. पाचवर केला कुणी, हे सांगायला नको.

उठून बसा. दिवा नको. चपला न घालता पाय फरशीवर टेकवा, हात मांडीवर उताणे ठेवा. आज काही घालवायचं ठरवलेलं नाही. ही जी आली आहे तिच्याजवळ थोडा वेळ बसायचं. झोप तशीही गेलेलीच आहे, मग घाई कशाची?

आधी तिला काय म्हणायचं ते बघू. डॉक्टर हॉट फ्लॅश म्हणतात, आपल्या मुलीही आता तेच म्हणतात. पण उष्णतेसाठी आपल्या भाषेत शब्दांना तोटा नाही. आच चुलीची लागते. धग जवळ गेल्याशिवाय कळत नाही. झळ उन्हाच्या वाऱ्याबरोबर येते, नाहीतर महागाईची बसते. लाही होते ती अंगाची, आणि बहुतेकदा रागानं. एवढे शब्द दाराशी उभे असताना आमच्याकडच्या बायकांनी, कुणालाही न विचारता, वेगळाच उचलला. त्या म्हणायच्या, ‘अंगातून वाफा निघतात गं.’

हा शब्द मनातल्या मनात दोनदा म्हणा. वाफ. आच, धग, झळ बाहेरून येऊन अंगाला लागतात. वाफ आतून निघते आणि बाहेर जाते. बायकांनी दिशा बरोबर ओळखली होती. कशी, ते थोड्या वेळानं.

(असा शब्द सगळ्यांकडे असतोच असं नाही. मार्गारेट लॉक या मानववंशशास्त्रज्ञ बाई जपानमध्ये पाळी जाण्याच्या वयातल्या बायकांशी पुष्कळ बोलल्या आणि १९९३ साली त्यावर त्यांचं पुस्तक आलं. तिथं या सगळ्या काळाला ‘कोनेन्की’ असं नाव आहे, पण हॉट फ्लॅशसाठी म्हणून नेमका एक शब्द नाही. त्या बायका खांदे आखडतात, डोकं दुखतं, हे जास्त सांगत. वाफांचं कमी.)

आता ती सुरू कुठून झाली ते आठवा. घाम फुटल्यावरचं सांगू नका, त्याच्या आधीचं. झोपेत होतात, तरी काहीतरी आठवेल. मला आधी कळते ती उष्णता नसतेच. गॅस चालू राहिलाय की काय, अशी एक रुखरुख असते. छातीत थोडी धडधड, जीव घाबरा. मग बरगड्यांच्या मध्यावर, मंगळसूत्राच्या वाट्या टेकतात त्याच्या जरा खाली, कुणीतरी काडी ओढल्यासारखं होतं आणि ते वर चढू लागतं. गळा, हनुवटी, कानाच्या पाळ्या, कानशिलं. केसांच्या मुळांशी मुंग्या. तुमचा रस्ता वेगळा असेल. एका मैत्रिणीचा पाठीच्या कण्यावरून वर जातो, एकीला फक्त चेहरा आणि मान. आपला रस्ता आपल्याला माहीत असावा, म्हणून विचारते.

उजवा हात छातीवर ठेवा. गरम लागेल. आता डाव्या हाताची बोटं गालाला लावा. तीही गरम आहेत, एरवी पहाटे असतात तशी गार नाहीत. वरच्या ओठावर जीभ फिरवा: खारट. मानेच्या मागे, गुडघ्यांच्या लवणीत, स्तनांच्या खाली बघा कुठं कुठं ओल आहे. पुसू नका अजून. ओल असू द्या. तिचं काम चालू आहे.

काय काम, ते आता सांगते.

मेंदूच्या तळाशी बदामाएवढा एक भाग आहे, हायपोथॅलॅमस. भूक, तहान, झोप, आणि अंगाचं तापमान त्याच्याकडे. अंग थोडं तापलं, थोडं निवलं तर तो काही करत नाही, तेवढी मुभा देतो. मुभेच्या वर गेलं की घाम, खाली गेलं की कापरं. डेट्रॉइटमधल्या वेन स्टेट विद्यापीठात रॉबर्ट फ्रीडमन यांनी बायकांना गिळायची एक गोळी दिली. ती पोटात बसून अंगाच्या आतलं तापमान कळवत राहते. पाळी गेलेल्या, पण वाफा न येणाऱ्या बायकांमध्ये ही मुभा सुमारे ०.४ अंश सेल्सिअस निघाली. वाफा येणाऱ्या बायकांमध्ये ती जवळजवळ शून्यावर आलेली. आणि बहुतेक वाफांच्या आधी आतलं तापमान अगदी किंचित वाढलेलं दिसलं. एरवी ज्याची दखलही घेतली गेली नसती, इतकं किंचित.

म्हणजे असं बघा. ही मुभा म्हणजे दाराची फट समजा. आधी या दाराला चांगली फट होती, वारा आत-बाहेर झाला तरी कडी वाजत नव्हती. आता फट बुजली आहे. चहाचा एक घोट, अंगावर ओढलेली गोधडी, स्वयंपाकघरातून हॉलमध्ये येणं, मनात आलेला एखादा राग, एवढ्यानंही कडी वाजते. आणि ती वाजली की अंग विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हात चालताना जे जे करेल ते सगळं इमानदारीनं करतं. कातडीखालच्या रक्तवाहिन्या उघडतं, आतलं गरम रक्त वर आणतं, हृदयाला जरा जोरात चालायला लावतं, घाम काढतं. तुम्हाला जे पेटल्यासारखं वाटतं, ते अंग स्वतःला निववत असतं. उष्णता साठत नाही, बाहेर टाकली जाते. वाफ ओसरल्यावर आतलं तापमान उतरलेलं असतं, आणि म्हणून मग थंडी वाजते.

हे वाक्य एकदा आणखी हळू वाचा: अंग स्वतःला निववत असतं. खबर खोटी आहे, उपाय खरा आहे.

इथं थांबा. वाचणं बाजूला ठेवून छातीवरचा हात तसाच असू द्या आणि पुढची वाफ येईल तेव्हा तिला ‘पेटले’ असं न म्हणता ‘निवते आहे’ म्हणून बघा. मला हे जमायला वर्ष लागलं. सुरुवातीला खोटंच वाटतं.

फट बुजली का, तर इस्ट्रोजेन ओसरलं म्हणून. हे पुष्कळ आधीपासून माहीत होतं, पण इस्ट्रोजेन आणि घामाच्या मधली कडी कोणती, ते कळायला वेळ लागला. अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या नेओमी रान्स यांनी १९९० साली दाखवलं की पाळी गेलेल्या बायकांच्या हायपोथॅलॅमसमध्ये काही पेशी फुगून मोठ्या झालेल्या असतात. इस्ट्रोजेन त्यांना आवरून धरत असे. ते गेल्यावर त्या मोकाट सुटतात आणि तापमानाच्या केंद्राला सारखी हाळी देत राहतात. त्यांच्यातल्या तीन रसायनांच्या नावांची आद्याक्षरं जोडून शास्त्रज्ञ त्यांना ‘कँडी’ पेशी म्हणतात. असल्या गोष्टीला गोळीचॉकलेटाचं नाव! तर या पेशींची हाळी मध्येच अडवणारं फेझोलिनेटंट नावाचं औषध अमेरिकेत मे २०२३ मध्ये मंजूर झालं. त्यात हार्मोन नाही. यकृतावर परिणाम होऊ शकतो म्हणून रक्ततपासण्या मात्र कराव्या लागतात. १९९० ते २०२३, तेहतीस वर्षं. पुरुषांना दिवसातून आठ वेळा भर मीटिंगमध्ये घाम फुटत असता तर इतकी लागली असती का, असा प्रश्न पावणेतीन वाजता मला हमखास पडतो. दिवसा पडत नाही.

श्वासाकडे येऊ.

उजव्या हाताचा अंगठा करंगळीच्या खालच्या पेरावर ठेवा. आजी जपाला ठेवायची तसा. चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. एक श्वास झाला की अंगठा पुढच्या पेरावर. करंगळीची तीन, अनामिकेची तीन, मधल्या बोटाची तीन, तर्जनीची तीन. बारा पेरं म्हणजे बारा श्वास, आणि एका श्वासाला दहा सेकंद धरले तर एक हात म्हणजे दोन मिनिटं. बहुतेक वाफा एक ते पाच मिनिटांत येऊन जातात. एक हात, दुसरा हात, क्वचित परत पहिला. त्यापुढं तिची मजल सहसा जात नाही.

इथं एक खरं सांगून टाकते. संथ श्वासानं वाफांची संख्या कमी होते, असं म्हणायला भक्कम पुरावा नाही. चाचण्या झाल्या, निकाल सरळ आले नाहीत. मग पेरं कशाला मोजायची? वेळ मोजायला. अंधारात तीन मिनिटं तीस मिनिटांसारखी वाटतात. अंगठ्याखाली पेर आलं की कळतं, आपण कुठवर आलो.

मोजा. पहिल्या बोटावर ती चढत असते. दुसऱ्यावर कान तापतात. माथा नेमका कधी आला ते कधीच कळत नाही. घाट चढताना शेवटचं वळण गेल्यावर गाडीचा आवाज बदलतो आणि मग लक्षात येतं की उतार लागला, तसंच हे. कधीतरी चौथ्या बोटावर, कधी दुसऱ्या हाताच्या पहिल्यावर, मानेवर पंख्याचा वारा एकदम लागू लागतो. वारा मघापासून तेवढाच होता. ओल आता सुकते आहे, म्हणून तो लागतो.

आता पुसा. पदरानं, पंच्यानं, जे असेल त्यानं. पाठीला हलकी थंडी वाजू लागली असेल. चादर फक्त पायांवर घ्या, छातीपर्यंत ओढलीत तर कडी परत वाजेल. जाड एका पांघरुणापेक्षा पातळ दोन बरी, हे मी सांगायला नको, पण सांगते, कारण मी स्वतः तीन हिवाळे आईच्या हातच्या गोधडीचा हट्ट सोडला नव्हता.

आईचा विषय निघालाच आहे.

आमच्या माजघरात खिडकीखाली तिवईवर माठ असायचा. एप्रिल लागला की आई त्याला ओलं फडकं गुंडाळायची. मी तेव्हा नववी-दहावीत असेन. स्वयंपाक करता करता आई मध्येच पोळपाट-लाटणं टाकून उठायची, माजघरात जायची आणि माठाला गाल लावून उभी राहायची. दोन्ही हात माठाच्या पोटावर. डोळे मिटलेले. गॅसवर पोळी करपायची. मी ‘आई, पोळी’ म्हणून ओरडले की म्हणायची, ‘असू दे करपलेली, मी खाईन.’ मला वाटायचं ती रागावलीय. आजीशी काही झालं असेल, बाबांशी झालं असेल. आमच्या घरात बायकांचं काही बिनसलं की ते रागाच्या खात्यात जमा व्हायचं. तिचं वय तेव्हा काय होतं ते मी कधी मोजलंच नाही. पंचवीस वर्षांनी स्वतःच्या फ्रिजचं दार उघडं टाकून त्यात डोकं घालून उभी राहिले, तेव्हा मोजलं. सत्तेचाळीस. भारतीय बायकांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते. पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास.

त्या माठाकडे जरा वेळ बघू. डोळे मिटून तुमच्याही घरातला आठवा. बाहेरून तो नेहमी ओलसर असतो. नवीन माठ घरी आणला की म्हातारी माणसं विचारायची, ‘पाझरतो ना?’ पाझरत नाही त्या माठाचं पाणी गार होत नाही. मातीच्या बारीक भोकांतून पाणी बाहेर झिरपतं, वाऱ्यानं त्याची वाफ होते, वाफ जाताना उष्णता घेऊन जाते, आणि आतलं पाणी निवतं. आई ज्याला गाल लावून उभी होती तो माठ आणि आईचं स्वतःचं अंग, दोन्ही त्या क्षणी एकच काम करत होती. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिनं विचारलंही नसतं.

वरच्या ओठावरचा घाम सुकला का बघा.

रात्रीचं निदान आपलं आपल्यापाशी असतं. दिवसाची वाफ निराळी. मे महिन्यातलं लग्न, हॉलमध्ये वरातीइतकी गर्दी, अंगावर पैठणी, अंबाड्याला गजरा, आणि वरमाईशी बोलताना नेमकी करंगळीएवढी धार कानामागून ब्लाऊजमध्ये उतरते. किंवा ऑफिसात तुम्ही काही मांडताय, समोर सहा पुरुष, आणि तुमचा चेहरा लाल होतो. मग खऱ्या वाफेच्या मागोमाग दुसरी येते. सगळे बघताहेत. घाबरले असं वाटेल. वय दिसलं. ही दुसरी अंगातून निघत नाही, आपण ती आत घेतो. मीटिंगच्या आदल्या रात्रीच कितीदा ती येऊन बसते.

हिच्यावर काम करता येतं, आणि याला पुरावा आहे. लंडनमध्ये मायरा हंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारांवर काम करणाऱ्या उपचाराच्या, म्हणजे सीबीटीच्या, चाचण्या केल्या; २०१२ मध्ये त्या छापून आल्या. वाफांची संख्या फारशी घटली नाही. त्यांचा जाच घटला. हे वाचून मला आधी हसू आलं होतं. आता येत नाही.

तर जरा आठवून बघा. लग्नाच्या हॉलमध्ये पत्रिकेनं वारा घेत बसलेली बाई तुम्ही आयुष्यात किती वेळा पाहिली असेल? तिच्याबद्दल तुम्हाला काय वाटलं होतं? उकडतंय तिला, एवढंच ना. त्याहून जास्त काही वाटलेलं मला तरी आठवत नाही. आणि लगेच आपण जेवणाच्या पंगतीकडे बघायला लागलो असू.

आता तुम्ही त्या बाईच्या जागी. पत्रिका हातात घ्या. वारा घ्या. कुणी विचारलं तर ‘वाफ आलीय, दोन मिनिटांत जाईल’ म्हणा. एवढं वाक्य मोठ्यानं म्हणायला मला जे धैर्य लागलं तेवढं घराचं कर्ज काढताना लागलं नव्हतं. पहिल्यांदा म्हटलं ते लोकलच्या लेडीज डब्यात. समोरची अनोळखी बाई खिडकीजवळून उठली आणि म्हणाली, ‘बसा. माझं गेल्या वर्षी संपलं.’

खाण्यापिण्याचं फार लांबवत नाही. तर्रीची मिसळ, उकळता चहा, नायलॉनचा गाऊन, काहींना दारू, हे कडी वाजवतात असं बायका सांगतात. प्रत्येकीचं वेगळं, तेव्हा पंधरा दिवस कॅलेंडरच्या चौकोनात खूण करून आपलं आपण बघावं. वजन जास्त असेल तर ते उतरवल्यानं फरक पडतो. कोकम, सब्जा, वाळ्याचं पाणी यांनी घसा गार होतो आणि तेवढ्यासाठी ते उत्तम. सोयाबीन, शतावरी, अमुक काढा, तमुक चूर्ण यांच्याबद्दल मी गप्प बसते, एक गोष्ट सांगून: वाफांच्या चाचण्यांत नुसत्या साखरेच्या गोळीनंही पुष्कळ बायकांना बरं वाटतं. त्यामुळं ‘मला गुण आला’ हे खरं असूनही ते औषधाचं श्रेय असेलच असं नाही.

मी पहिल्यांदा डॉक्टरकडे गेले तेव्हा समोरच्यानं मान वर न करता म्हटलं, ‘या वयात व्हायचंच.’ मी ‘हो’ म्हणून फी देऊन बाहेर आले. जिन्यात थांबले. ते खोटं बोलले नव्हते. पण ‘व्हायचंच’ यातून ‘सोसायचंच’ कसं निघतं? दात यायचेच असतात, म्हणून बाळाला कुणी तसंच रडत ठेवत नाही.

हे वाक्य तुम्हालाही कुणीतरी ऐकवलं असेल. डॉक्टरांनी, सासूनं, कदाचित स्वतः तुम्हीच. ते आता फरशीवर समोर ठेवा आणि त्याच्याकडे बघा. व्हायचंच. बरं. पुढं?

पुढं इतकं आहे. सगळ्यांत परिणामकारक इलाज आजही इस्ट्रोजेनच आहे. गर्भाशय असेल तर जोडीला प्रोजेस्टेरॉन द्यावं लागतं. त्याची भीती बसली ती जुलै २००२ मध्ये, अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीचे निकाल आल्यावर. स्तनाचा कर्करोग, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या यांचं प्रमाण थोडं वाढलेलं दिसलं आणि लाखो बायकांनी गोळ्या रातोरात बंद केल्या. त्या पाहणीतल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, हे मथळ्यांत कुठं आलं नाही. आज बहुतेक तज्ज्ञांचं म्हणणं असं की वय साठच्या आत असेल किंवा पाळी जाऊन दहा वर्षं झाली नसतील, आणि वाफांनी जगणं अवघड केलं असेल, तर बहुतेक निरोगी बायकांना धोक्यापेक्षा फायदा जास्त. स्तनाचा कर्करोग, गुठळ्या, पक्षाघात, यकृताचा आजार झालेला असेल तर तो रस्ता सहसा बंद, मग बिनहार्मोनची औषधं आहेत. नैराश्यावरच्या काही गोळ्या लहान मात्रेत वाफांवरही चालतात. यातलं कुणाला काय, हे तपासून सांगायला माणूस लागतं. मान वर करून बोलणारं.

आणि दोन गोष्टी पहाटेच्या झोपेत विसरू नका. पाळी थांबून वर्ष झालं आणि नंतर डाग जरी दिसला, तरी लगेच दाखवायचं. रात्रीच्या घामासोबत ताप, खोकला, वजन घटणं असेल तर ‘वय झालं’ म्हणून सोडायचं नाही. आपल्या देशात क्षय अजून आहे, थायरॉइडही आहे. प्रत्येक घाम वाफेचा नसतो.

आता आपल्याबरोबर आणखी काही जणींना या अंधारात बसवू या. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायका. पाळीच्या दिवसांत खाडा झाला की पैसे कापले जातात, फडात ना आडोसा ना पाणी, म्हणून कितीतरी जणींनी तिशीतच ‘पिशवी काढून’ घेतली. २०१९ मध्ये हे गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. सुमारे ८२ हजार बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर अंगाला हळूहळू सवय व्हायला वेळच मिळत नाही. काही दिवसांतच वाफा सुरू होतात, आणि त्या जास्त जोरकस असतात. वय तीस-पस्तीस, डोक्यावर उसाची मोळी, वरून ऊन, आतून वाफ. त्या कुठल्या माठाला गाल लावत असतील?

हा प्रश्न तसाच असू दे. एक हातभर पेरं त्यांच्यासाठी मोजा.

हे किती वर्षं चालायचं, असं तुम्ही मघापासून विचारताय, मला कळतंय. पाळी अनियमित झाली की बऱ्याच जणींना वाफा सुरू होतात. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. आणि वाफा त्यानंतरही राहतात. अमेरिकेत हजारो बायकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेणाऱ्या एका अभ्यासात, वारंवार वाफा येणाऱ्या बायकांमध्ये हा काळ निम्म्या जणींच्या बाबतीत ७.४ वर्षांहून जास्त निघाला; हा अभ्यास २०१५ साली छापून आला. त्यात भारतीय बायकांचा गट नव्हता. काहींच्या दोन वर्षांत संपतात, काहींच्या सत्तरीतही अधूनमधून येतात. आकडा ऐकून दचकलात ना? मीही दचकले होते. मग हिशेब केला. दिवसाला सहा वाफा, प्रत्येकी तीन मिनिटं, म्हणजे अठरा मिनिटं. उरलेल्या तेवीस तास बेचाळीस मिनिटांत मी काय करत होते? बहुतेक वेळ पुढच्या वाफेची वाट बघत होते.

ती वाट बघणं तेवढं आज रात्री सोडता येतंय का बघा. नाही सुटलं तरी चालेल.

तीन वाजून गेलेत. हात छातीवरून काढा. कातडी आता गार लागते, जरा चिकट. उशी उलटी करा, दुसरी बाजू कोरडी आहे. तांब्यातलं पाणी दोन घोट प्या, जास्त नको, नाहीतर परत उठावं लागेल. पंखा तीनवर आणा. शेजारच्या माणसाच्या अंगावर त्याची चादर सारखी करा.

आणि सकाळी चहाच्या वेळी त्याला सांगा, रात्री पंखा पाचवर का होता ते.